घोड्यावरचा मुंगळा

मच्छिंद्रच्या घोड्याच्या डोक्यावर मुंगळा चढला, तेव्हा डाव ऐन रंगात आला होता.

घनसावंगीच्या मंगल कार्यालयात तालुक्याची खुली बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये लग्न झालं होतं आणि टेबलांना अजून जिलबीचा पाक चिकटलेला होता, त्यामुळे मुंगळ्यांची कमी नव्हती. शेवटची फेरी होती. पहिल्या टेबलावर कुंभार पिंपळगावचेच दोघं समोरासमोर बसले होते. मच्छिंद्रचं गावात मोटार रिवायंडिंगचं दुकान. राजानंद गावातल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. लहानपणी दोघं एका बाकावर बसलेले, आणि आता रोज संध्याकाळी दुकानात, जळक्या मोटारींच्या वासात, तांब्याच्या तारेच्या रिळावर पट मांडून खेळणारे.

जो जिंकेल तो तालुक्याकडून जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार होता. राजानंद याआधी जाऊन आला होता. मच्छिंद्र कधीच गेला नव्हता. दुकानात तो राजानंदला निम्मे डाव हरवायचा, पण स्पर्धेत, बाजूला घड्याळ टिकटिकत असताना आणि चार लोक बघत असताना, त्याच्याविरुद्ध एकदाही जिंकता आलं नव्हतं. याचा त्याला फार संताप होता. नेमका कोणाचा संताप, हे त्याचं त्यालाही ठरवता आलं नव्हतं.

आत्ता राजानंदच्या हत्तीनं त्याच्या वजिरावर नजर रोखली होती. वजीर हलवायलाच पाहिजे, हे मच्छिंद्रनं ठरवलं होतं. कुठं हलवायचा तेही ठरलं होतं. तेवढ्यात त्याला शेजारच्या पांढऱ्या घोड्यावरचा तो काळाकुट्ट मुंगळा दिसला. त्यानं टिचकी मारून मुंगळा उडवला, मग वजीर उचलून सुखरूप जागी ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.

"अहो, थांबा," राजानंद म्हणाला.

'अहो' ऐकताच मच्छिंद्र सावध झाला. एरवी दोघांचं अरे-तुरे चालायचं. पण राग आला की ते एकमेकांना अहो-जाहो करायला लागत. राग जितका जास्त तितका मान जास्त.

"काय झालं?"

"तुम्ही आधी घोड्याला हात लावला. वजीर जागेवर ठेवा आणि घोडा चालवा."

"कोणी लावला हात?"

"तुम्ही."

"म्या मुंगळ्याला हात लावला, साहेब! घोड्याला न्हाई!"

राजानंदनं हात वर करून पंचांना बोलावलं. पंच होते काकासाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर बुद्धिबळाच्या नियमांना वाहून घेतलेले. तालुक्यात कुठंही पट मांडला की ते तिथं नियम सांगायला हजर असत. त्यांनी आधी घड्याळ थांबवलं, मग चष्मा चढवला.

"नियम सोपा आहे," काकासाहेब म्हणाले. "ज्या सोंगटीला हात लागला ती चालवायची. नुसती नीट करायची असेल तर हात लावायच्या आधी तसं बोलून दाखवायचं."

"म्हंजी मुंगळा काढायच्या आधी तुम्हाला सांगायचं? मुंगळा काढून राह्यलो म्हणून?"

"हो."

"आन् मुंगळ्याला पण सांगायचं का?"

आजूबाजूचे खेळाडू हसले. आपले डाव सोडून ते पहिल्या टेबलाभोवती जमायला लागले होते. राजानंदला हसणं आवडलं नाही.

"हसण्यावारी नेऊ नका, मच्छिंद्रराव. मी डोळ्यानं पाह्यलं. तुमचं बोट घोड्याच्या कानाला लागलं."

"कानाला?" मच्छिंद्रचा आवाज चढला. "घोड्याचा कान केवढा, माझं बोट केवढं, आन् तुम्हाला तिकडून दिसलं? तुमचा चष्म्याचा नंबर म्हायती हाय मला!"

खरी गोष्ट अशी होती की बोट लागलं होतं. अगदी निसटतं, नखाच्या टोकानं, पण लागलं होतं, आणि ते मच्छिंद्रला माहीत होतं. राजानंदनं हळू आवाजात, दोस्तासारखं, 'मच्छिंद्रा, हात लागला रे' असं म्हटलं असतं, तर कदाचित त्यानं कबूलही केलं असतं. पण चारचौघांत, पंच बोलावून, अहो-जाहो करून! एवढ्याशा मुंगळ्यासाठी! मच्छिंद्रला असा काही राग आला की त्या रागात, बोट लागलंच नाही, असं त्यालाच मनापासून वाटायला लागलं.

"रेणुकाईची शप्पत," तो उभं राहून म्हणाला, "घोड्याला माझं नख सुद्धा लागलं न्हाई!"

मागच्या खुर्च्यांवर त्याची बायको दैवशाला आणि राजानंदची बायको ज्योत्स्ना शेंगा खात बसल्या होत्या. घनसावंगीचा बाजार करायला म्हणून दोघी बरोबर आल्या होत्या आणि बाजार उरकल्यावर नवऱ्यांची वाट बघत होत्या. शप्पत ऐकून दैवशाला टरफलं झटकत उठली. तिचं माहेर पिंपळगाव रेणुकाई.

"सर," ती गर्दीतून वाट काढत राजानंदला म्हणाली, "आता तर खरं वाटलं ना? माझ्या माहेरच्या देवीची शप्पत घेतली त्यांनी. हे घरी माझ्यासंगं दहा खोटं बोलतील, पण रेणुकाईची खोटी शप्पत न्हाई घेणार. बिलकुल न्हाई!"

"वहिनी, मी शपथा-बिपथा घेत नसतो," राजानंद म्हणाला. "पण मी खोटंही बोलत नसतो. पंचशील पाळणारा माणूस आहे मी. जे पाह्यलं ते सांगतो. हात लागला."

"यांनी आजवर खोटं बोललेलं मी तरी पाह्यलं न्हाई, ताई," ज्योत्स्नाही पुढं आली. "रोज वर्गात पोरांना तेच शिकवतात."

आता प्रकरण दोन्ही घरांच्या अब्रूवर आलं. गर्दीतही दोन तट पडले. एकानं म्हटलं की टिचकी मुंगळ्याला मारली तर ती घोड्याला लागणारच, त्याशिवाय मुंगळा उडणार कसा. दुसऱ्यानं म्हटलं की आपण ताटातली माशी हाकलतो तेव्हा काय ताट खातो का. हा मुद्दा कोणालाच नीट कळला नाही, पण अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या.

"प्रयोग करू," राजानंद म्हणाला. तो काही झालं तरी विज्ञानाचा शिक्षक होता. "घोड्याच्या डोक्यावर मुंगळ्याएवढी वस्तू ठेवा. घोड्याला हात न लावता ती मच्छिंद्ररावांनी उडवून दाखवावी. दाखवली तर मी हरकत सोडतो."

"करा! आत्ता करा!" मच्छिंद्र म्हणाला.

दुसऱ्या पटावरचा एक घोडा आणला. ज्योत्स्नाच्या ओंजळीतून शेंगदाणा घेतला. काकासाहेबांनी स्वतः तो घोड्याच्या डोक्यावर ठेवला. शेंगदाणा घरंगळून खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. घोड्याची मान तिरपी होती, तिच्यावर काही ठरत नव्हतं.

"हे बघा!" राजानंद म्हणाला. "घोड्याच्या डोक्यावर काही राहूच शकत नाही. मग मुंगळा राह्यला कसा? मुंगळा होता हेच मुळी खोटं!"

"अहो सर, शेंगदाण्याला पाय असतात का?" मच्छिंद्र टेबलावर हात आपटून ओरडला, तशा दोन-तीन पटांवरच्या सोंगट्या थरथरल्या. "मुंगळा धरून बसल्ता! पायानं!"

गर्दीतल्या मुंगळेवाल्या तटानं टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनी "शांतता, शांतता" म्हणत दोन्ही हात वर केले. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. प्रयोग खऱ्या मुंगळ्यावर झाला पाहिजे."

मग मुंगळा शोधणं आलं. सकाळपासून जिकडंतिकडं फिरणारे मुंगळे नेमके गायब झाले होते. लोक टेबलांखाली वाकले. कोणी सतरंजी उचलून पाहिली. एकाला भिंतीशी एक मुंगळा सापडला. तो बघून मच्छिंद्र म्हणाला, "हा तो न्हाई. तो मोठा होता." त्यावर राजानंद म्हणाला, "आता तुम्हाला मुंगळ्यांचे चेहरे पण ओळखू येतात?" काकासाहेबांनी दोघांना गप्प केलं आणि मुंगळा दोन बोटांत धरला. मुंगळ्यानं त्यांना कडकडून चावा घेतला.

काकासाहेब "आई गं" म्हणून ओरडले. मुंगळा खाली पडून टेबलाखाली पसार झाला. करंगळीएवढं बोट अंगठ्याएवढं सुजायला लागलं. कोणीतरी पाणी आणलं, कोणीतरी चुना लावा म्हणालं. काकासाहेब बाजूच्या खुर्चीत बसून बोटावर फुंकर घालत राहिले आणि तेवढ्या वेळात दोघं खेळाडू पटाशी एकटे उरले.

मच्छिंद्रनं रागानं पटाकडं पाहिलं. वजीर नव्या जागी सुरक्षित उभा होता. त्याच्या डोक्यात सारखा घोडाच घुमत होता. हे म्हणतात तसा घोडा चालवला असता तर काय झालं असतं? वजीर गेला असता, दुसरं काय. घोडा जाणार कुठं? इकडं गेला तर प्यादं खाणार. तिकडं गेला तर... तिकडं...

मच्छिंद्रची नजर थांबली.

राजानंदचा काळा राजा पार कोपऱ्यात होता. त्याच्या शेजारी त्याचाच हत्ती, पुढं त्याचीच दोन प्यादी. राजाला हलायला एक घर नव्हतं. आणि पांढरा घोडा अडीच घरं उडी मारून बरोबर अशा ठिकाणी बसत होता, जिथून राजाला शह लागत होता. शह, आणि पळायला जागा नाही. मात!

वजीर हलवून मच्छिंद्रनं एका चालीची मात सोडली होती. साऱ्या जन्मात पहिल्यांदा स्पर्धेत राजानंदला हरवायची संधी आली होती आणि ती त्यानं वजिराच्या जिवापायी घालवली होती. आता ती परत मिळवायचा एकच मार्ग होता. घोड्याला हात लागला होता, असं ठरायला हवं होतं.

तेवढ्यात काकासाहेब बोट ओल्या फडक्यात गुंडाळून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता आणि त्यांना हे सगळं लवकर संपवायचं होतं.

"मुंगळा होता, हे सिद्ध झालं," ते बोट वर करून म्हणाले. "हात घोड्याला लागला का मुंगळ्याला, हे नक्की सांगता येत नाही. खेळाडूनं शपथ घेतली आहे. संशयाचा फायदा मी मच्छिंद्र यांना देतो. वजिराची चाल कायम. घड्याळ..."

"थांबा, साहेब!" मच्छिंद्र म्हणाला.

सगळे थांबले.

"हात लागल्ता," मच्छिंद्र म्हणाला. "घोड्याला."

दैवशालाच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"काय म्हणून राह्यले तुम्ही?" तिनं विचारलं.

"लागल्ता हात. चांगला लागल्ता. कानच धरल्ता म्या घोड्याचा." मच्छिंद्रनं मान खाली घातली, पण आवाज खाली घातला नाही. "सर म्हणले ते बराबर हाय. वजीर परत ठेवतो. घोडा चालवतो. नियम म्हंजी नियम!"

राजानंदचा चेहरा उजळला. त्यानं गर्दीकडं असं पाहिलं की बघा, सत्याचा विजय कसा होतो. तो मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारायला अर्धा उठला सुद्धा. पण उठता उठता त्याला वाटलं, हा माणूस निकाल स्वतःच्या बाजूनं लागल्यावर कबूल का करतोय? ह्याला आपण शाळेपासून ओळखतो. राजानंदनं खाली पटाकडं पाहिलं. घोडा पाहिला. घोड्यापासून अडीच घरं मोजली. मग कोपऱ्यातला आपला राजा पाहिला.

तो हळूच खाली बसला.

"नाही, नाही," तो म्हणाला. "लागला नव्हता हात."

"काय?" काकासाहेब म्हणाले.

"मी आता शांतपणे आठवून पाह्यलं. मुंगळाच होता. मोठा मुंगळा होता. मच्छिंद्ररावांचं बोट मुंगळ्यालाच लागलं. घोड्यात आणि बोटात अंतर होतं."

"किती अंतर होतं?" मच्छिंद्र खवळला. "मोजलं का तुम्ही? बोट माझं हाय का तुमचं? मला म्हायती, लागलं का न्हाई!"

"भावनेच्या भरात माणसाला काहीही वाटतं, मच्छिंद्रराव. मी त्रयस्थ म्हणून सांगतो."

"तुम्ही त्रयस्थ? तुम्हीच तर हरकत घेतली!"

"मग मी हरकत मागं घेतो."

"अशी कशी घेता? एवढा तमाशा केला, साहेबांना मुंगळा चावला, आन् आता मागं घेता?"

गर्दीला आधी काही कळेना. मघाशी जे मुंगळ्याच्या बाजूनं होते त्यांना आता राजानंदच्या बाजूनं बोलावं लागलं असतं, आणि घोड्याच्या बाजूवाल्यांना मच्छिंद्रच्या. त्यामुळे दोन्ही तट मोडले. मग एकेकानं वाकून पट पाहिला आणि हळूहळू हॉलभर "ओहो" पसरलं.

ज्योत्स्नालाही बुद्धिबळ थोडंफार कळत होतं. ती नवऱ्याजवळ आली आणि खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत नसता ना?"

राजानंदनं चष्मा काढून पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला.

काकासाहेबांनी सुजलेल्या बोटाकडं पाहिलं, मग दोघांकडं. "खेळाडूनं स्वतः कबूल केलंय," ते म्हणाले. "आता त्यावर दुसरं काही चालत नाही. वजीर मूळ जागी ठेवा. घोडा चालवा."

मच्छिंद्रनं वजीर मागं नेला. घोडा उचलला. तो त्यानं इतका वर उचलला की मागच्यांना पण दिसावा, आणि ठाप करून पटावर ठेवला.

"शह! आन् मात!"

राजानंद हा स्वाभिमानी माणूस होता. मात झाल्यावर पटाकडं बघत बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं आपला राजा आडवा केला, दोन बोटांनी हात मिळवला, कागदावर सही केली आणि कोणाकडं न बघता बाहेर निघून गेला. काकासाहेबांनी एकदा पटाकडं पाहिलं, निकाल लिहिला आणि पट आवरायला घेतला.

मच्छिंद्र जिंकला होता. जालन्याला जाणार होता. लोकांनी त्याच्याशी हात मिळवले, पण मिळवताना ते जरा वेगळंच हसत होते. तो बायकोकडं गेला.

"जिंकलो ना!" तो म्हणाला.

"रेणुकाईची शप्पत घेतली ना तुम्ही?"

"अगं, तवा मला खरंच वाटलं होतं..."

"माझ्या माहेरच्या देवीची." दैवशालानं बाजाराची पिशवी उचलली. "तुमच्या गावाकडं काय देव न्हाईत का? मारुती हाय, म्हसोबा हाय. त्यांची घ्यायची होती खोटी शप्पत. माझ्याच माहेराला कामून हात घालता? पुढच्या नवरात्रात मी कोणत्या तोंडानं वटी भरू तिथं?"

मच्छिंद्रला उलट राग आला. जिंकलेल्या माणसाशी असं बोलतात का?

कुंभार पिंपळगावला जाणारी जीप उभी होती, आणि दुसरी केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. चौघांना एकाच जीपमध्ये बसावं लागलं. ज्योत्स्ना आणि दैवशाला मधल्या सीटवर बसल्या आणि लगेच बोलायला लागल्या. त्यांच्या बोलण्यात पुरुष हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मच्छिंद्र आणि राजानंद मागं, खताच्या पोत्यांच्या दोन बाजूंना, समोरासमोर. राजानंदनं तोंड बाहेर उसाकडं वळवलं होतं आणि ते तो परत वळवणार नव्हता.

जीप निघाली. मच्छिंद्रला विजय झाल्यासारखा वाटावा म्हणून काहीतरी करणं भाग होतं. त्यानं पिशवीतून चुंबकाचा लहान पट काढला आणि मांडीवर डावाची शेवटची स्थिती मांडायला लागला. कोपऱ्यात राजा. शेजारी हत्ती. पुढं दोन प्यादी. आणि हा आपला घोडा, वाघासारखा. मच्छिंद्रनं बाकीच्या सोंगट्याही आठवून आठवून जागेवर लावल्या. सगळं मांडून झालं तेव्हा त्याच्या मुठीत एक सोंगटी उरली. काळा उंट.

हा कुठं होता?

त्यानं आठवून पाहिलं. राजानंदचा उंट पार दुसऱ्या टोकाला, मच्छिंद्रच्याच बाजूला, एक प्यादं खाऊन तिथं विसरल्यासारखा बसला होता. मच्छिंद्रनं तो तिथं ठेवला. उंट तिरपा चालतो. त्या टोकापासून तिरपी रेघ थेट निघत होती, मधे एकही सोंगटी नव्हती, आणि ती नेमकी त्याच्या वाघासारख्या घोड्यावर येऊन संपत होती.

मात नव्हती. उंट घोडा खाऊन मोकळा होत होता. घोडा फुकट गेला असता, आणि त्यामागं डाव.

मच्छिंद्रनं झटकन पट मिटला. राजानंद उसाकडं बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं, आणि कळायचं कारणही नव्हतं. राजानंदनं स्वतः राजा आडवा केला होता. सही झाली होती. मच्छिंद्रनं फक्त तोंड मिटून जालन्याला जायचं होतं. एवढंच करायचं होतं.

जीप एका खड्ड्यातून गेली. पुढून दैवशालाचा आवाज आला, "देवीपेक्षा लाकडाचा घोडा मोठा झाला!" आणि मच्छिंद्रचा संताप चढू लागला. बायको बोलेनाशी झाली. चार गावांच्या लोकांसमोर खोटारडा ठरलो. आणि हे सगळं कशासाठी? जी मात नव्हतीच तिच्यासाठी! आणि हा समोर बसलाय, विज्ञान शिकवतो, जिल्ह्याला खेळून आलाय, ह्याला स्वतःचा उंट दिसत नाही! ह्यानं राजा आडवा केला म्हणून आपल्याला वाटलं की मात आहे. ह्याच्यावर विश्वास ठेवला आपण!

त्यानं स्वतःला आवरून धरलं. पुढचा फाटा दिसेपर्यंत धरलं.

"राजानंद!" तो ओरडला. "तुझा उंट कुठं होता रे?"

राजानंद दचकला. रागानं म्हणाला, "मला तुमच्याशी बोलायचं नाही."

"तुला बोलायचं नसंल, पण उंटाला होतं ना! हे बघ! बघ हिकडं!" त्यानं पट उघडून राजानंदच्या मांडीवर आपटला. "कुठं हाय मात? डोळे कुठं गेल्ते तुझे?"

राजानंदनं पट पाहिला. बोटानं तिरपी रेघ ओढली, टोकापासून घोड्यापर्यंत. मग परत ओढली. त्याचा चेहरा लाल झाला.

"हे तू मला आत्ता कामून सांगून राह्यला?" तो ओरडला, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नाही की तो 'तू' म्हणाला. "मी हरलो म्हणून गप बसल्तो! हरलो तर हरलो, माणसानं मान्य करावं, असं मनाला समजावून राह्यल्तो! आणि आता म्हणतो हरलोच नव्हतो?"

"मंग काय! तू जिंकत होतास, लेका! घोडा फुकटात खाणार होतास माझा!"

"अरे, पण मी सही केली!"

"कामून केली? न बघता सही करतो का कोणी? पोरांचे पेपर पण असेच तपासतोस का?"

"आणि तू? तू मात म्हणून बोंबललास ना? तू पाह्यलं होतं का?"

"जीप थांबवा!" दोघं एकदम म्हणाले.

जीपवाल्यानं फाट्यावर जीप थांबवली. दोघं उतरले. दैवशालानं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "कुठं चालले?"

"परत. काकासाहेबांकडं."

"आता कोणाची शप्पत घेणार हाय?" तिनं विचारलं आणि जीपवाल्याला म्हणाली, "चला हो तुम्ही. जल्दी चला." ज्योत्स्नानं नवऱ्याकडं पाहिलं सुद्धा नाही. जीप धूळ उडवत गेली.

दोघं समोरून येणाऱ्या एका टेम्पोत उभ्यानं परत घनसावंगीला आले. वाटेत त्यांचं भांडण चालूच होतं, फक्त आता कोण जास्त आंधळा यावर होतं. उन्हं कलली होती तेव्हा ते काकासाहेबांच्या ओट्याशी पोचले. काकासाहेब दिवसभर उभं राहून थकलेले पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात सोडून बसले होते. बोटाला हळद बांधली होती. ह्या दोघांना बघून त्यांनी डोळे मिटले.

"काकासाहेब," राजानंद धापा टाकत म्हणाला, "मात नव्हती."

"हो," काकासाहेब डोळे न उघडता म्हणाले. "उंट होता तिकडं."

"तुम्हाला दिसल्ता?" मच्छिंद्रनं विचारलं.

"तेव्हाच दिसला होता."

"मंग बोलले कामून न्हाई?"

"पंचानं बोलायचं नसतं," काकासाहेब म्हणाले. "डावात काय आहे, काय नाही, ते खेळाडूनं बघायचं. राजानंदनं हार मानली, डाव संपला. मात असो नसो. निकाल बदलत नाही. मच्छिंद्र, तू जालन्याला जायची तयारी कर."

"मी न्हाई जाणार!" मच्छिंद्र ओरडला. "असल्या जिंकण्यावर मी थुकत पण न्हाई! ह्याला पाठवा!"

"मला फुकटचं नको!" राजानंद ओरडला. "मी हरलो अशी सही आहे माझी!"

"मग तिसऱ्या नंबरवाल्याला पाठवतो."

"त्याला?" दोघं एका सुरात म्हणाले. "त्याला चाल तरी येते का?"

"मग करायचं काय?"

"आम्हाला हरकत घ्यायची हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"घ्यायची आहे," राजानंद म्हणाला.

काकासाहेबांनी घमेल्यातून एक पाय बाहेर काढला, ओट्यावर पुसला, आणि दुसरा तसाच पाण्यात ठेवून विचारलं, "हरकत कोणाची?"

"दोघांची."

"दोघांची? मग कोणाविरुद्ध?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या सबंध दिवसात पहिल्यांदाच त्यांचं पुरतं एकमत झालं होतं. मच्छिंद्र पुढं झाला, राजानंद त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि दोघं अत्यंत आदरानं म्हणाले,

"तुमच्याविरुद्ध, साहेब."